टेपरावच्या पायऱ्या

पैज लागली ती एका वाकड्या पावावरून.

सकाळची वेळ. टेपराव नेहमीसारखा बेकरीच्या काउंटरला कोपर टेकून उभा. टेपराव हे काही त्याचं खरं नाव नव्हे. धंद्याने टेलर, गळ्यात कायम माप घ्यायची टेप. जेवताना टेप, दाढी करताना टेप, लग्नाच्या फोटोत सुद्धा हाराच्या खालून टेपेचं टोक डोकावतंय. गल्लीने त्याला टेपराव करून टाकलं, आणि त्यालाही ते आवडून गेलं.

तर त्याने गरम पाव हातात घेतला, एक डोळा मिटून न्याहाळला आणि म्हणाला, “आज डाव्या खांद्याला उतरलाय.”

बेकरीवाला त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. अंगाने भट्टीसारखा गोल आणि भट्टीसारखाच पटकन तापणारा.

“पावाला खांदा नसतो.”

“म्हणूनच उतरला.”

कोपऱ्यातल्या स्टुलावर सलूनवाले काका पेपर वाचत बसले होते. त्यांचं दुकान समोरच, पण गिऱ्हाईक येईपर्यंत मुक्काम इथे. पेपरामागून त्यांचं हसू ऐकू आलं आणि बेकरीवाल्याचा पारा चढला.

“गावाचं वाकडं काढत फिरतोस,” तो म्हणाला, “आधी तुझ्या घरामागचा उतार बघ. वहिनी खिडकीत बसून बसून कंटाळल्या तिकडे.”

हे मात्र लागलं. कारण ते खरं होतं.

टेपरावच्या घरामागे चांगला लांबट उतार होता, आणि उताराच्या पायथ्याशी बायकोची बाग. बाग म्हणजे काय, भाजीचे वाफे, कोपऱ्यात तिचा जुना गुलाब आणि कुंपणावर चढलेला घेवडा. पण तिचा जीव त्यात. गेल्या पावसात त्याच उतारावर तिचा पाय घसरला आणि मोडला. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, हातात काठी आली. डॉक्टर म्हणाले, चाला, भरपूर चाला, फक्त त्या उताराचं नाव काढू नका.

मधे एकदा टेपराव आणि बेकरीवाल्याने मिळून तिला खुर्चीत बसवून खाली नेलं होतं. एक पुढे, एक मागे, “सांभाळ, सांभाळ”, “तुझी बाजू वर घे.” खाली पोचल्यावर ती म्हणाली, “मी काय कपाट आहे?” त्यानंतर खुर्चीत बसायला साफ नकार. आणि गेल्या आठवड्यात जेवताना तिने अगदी थंडपणे सांगून टाकलं होतं, “लावणीच्या आत मला माझ्या पायांनी खाली जाता आलं तर ठीक. नाही तर ती जागा भावजींना देऊन टाका. त्यांना कोंबड्या पाळायच्या आहेत ना.” भावजी म्हणजे बेकरीवाला.

ती चिडून बोलली असती तर टेपरावने मनावर घेतलं नसतं. चिडून ती रोजच बोलायची. पण ती शांतपणे बोलली, आणि बोलून झाल्यावर हसलीही नाही. ही बाई म्हणजे अशी, की हसली तर शेजारच्यांनी विचारावं काय झालं. पाय मोडल्यापासून शेजारच्यांना विचारायची वेळच आली नव्हती.

“पायऱ्या करतोय मी,” टेपराव बेकरीत म्हणाला.

हे त्याला स्वतःलाही त्याच क्षणी कळलं.

“कोण करतंय?”

“मी. लाकडाच्या. माझ्या हातांनी.”

बेकरीवाला इतका हसला की काउंटरवरचं पीठ उडालं. “अरे, तू खिळा मारायला घेतलास तर खिळा घर सोडून जाईल. तुझं काम सुई-दोऱ्याचं, लेका.”

“लागली पैज?”

“लागली. पण नीट ठरवून. वहिनींनी वरून खाली जायचं. कुणी हात धरायचा नाही. एका हातात काठी.” बेकरीवाल्याने जरा विचार केला आणि डोळे बारीक केले. “आणि दुसऱ्या हातात चहाचा कप. काठोकाठ भरलेला. भरणार मी. एक थेंब सांडला की तू हरलास.”

“आणि नाही सांडला तर?”

“हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला हातगाडीत बसवायचं,” पेपर खाली ठेवून काका म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, पण पंच व्हायची हौस दांडगी. “तीच तुझी माती वाहायची एकचाकी. या बेकरीपासून माझ्या सलूनला वळसा घालून परत. घंटी वाजवत. आणि ओरडायचं, मी हरलो, हा जिंकला.”

टेपरावने बेकरीवाल्याच्या पोटाकडे बघितलं. त्या पोटाचं माप गल्लीत एकट्या त्यालाच माहीत होतं आणि धंद्याची इमानदारी म्हणून ते त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आता त्या मापासोबत त्याला हातगाडीचं एकुलतं एक चाक आठवलं. पण हात पुढे झाला होता.

घरी येऊन त्याने पहिलं काम केलं ते बायकोला भिंतीशी उभं केलं.

“पाय उचल.”

“कशाला?”

“उचल गं. जेवढा न दुखता उचलता येईल तेवढाच. जोर लावायचा नाही.”

तिने काठी टेकून पाय उचलला. टेपराव गुडघ्यावर बसला आणि जमिनीपासून तिच्या टाचेपर्यंत टेप धरली. मग तिच्या पावलाची लांबी घेतली, काठी टेकायला लागते तेवढी पुढची जागा घेतली, आणि परत एकदा पाय उचलायला लावला.

“लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझं माप इतकं मन लावून घेताय,” ती वरून म्हणाली. “शिवताय काय?”

“पायऱ्या.”

ती स्वयंपाकघरात गेली आणि खुर्ची ओढून मागच्या खिडकीशी बसली. तिथून सगळा उतार दिसायचा.

कुठल्याशा बांधकामावरून जुन्या फळ्या आणल्या. जाडजूड होत्या, सिमेंट लागलेल्या, पण आतून खणखणीत. टेपरावने त्या घासल्या, वाळवी लागू नये म्हणून गॅरेजमधलं काळं तेल पाजलं आणि उन्हात उभ्या करून ठेवल्या. तेलाचा वास चार घरं गेला. मग त्याने उताराच्या डोक्यापासून पायथ्यापर्यंत दोरी ताणली, बायकोच्या मापाने तिचे भाग पाडले, आणि जिथे जिथे पायरी येणार तिथे कपड्यावर खुणा करायच्या खडूने दगडांवर रेघा मारल्या.

काम तसं अवघड नव्हतं. उतारात खाच खणायची, फळी आडवी उभी करायची, तिच्या पुढून दोन खुंट्या ठोकायच्या, मागची पोकळी खडी आणि मातीने भरायची, धुमसाने धोपटून घट्ट करायची. झाली पायरी. वर पाणसळ ठेवून बघायची, बुडबुडा मधे आला की पुढची.

दुसऱ्याच दिवशी कुंपणापलीकडे बेकरीवाल्याचं डोकं उगवलं.

“वरून का सुरू केलंस?”

“मग कुठून करू?”

“खालून. केकचे थर खालून वर लावतात.”

“शर्ट खांद्यापासून खाली उतरतो,” टेपराव म्हणाला. “खांदा नीट बसला की पुढचं आपोआप बसतं. तू जा, तुझे पाव करपतील.”

“शर्टाला खाली जमीन नसते रे, टेपराव.”

“तुझ्या शर्टाला पोटच इतकं आहे की जमीन दिसत नाही.”

डोकं मावळलं. टेपराव खुशीत पुढच्या पायरीला लागला. हे बोलणं त्याला नंतर चांगलंच आठवणार होतं.

खरं सांगायचं तर त्याने काम झकास चालवलं होतं. हाताला फोड आले, अंगठ्यावर हातोडी बसली, बसली की तो खिडकीकडे बघायचा आणि खिडकीतून आवाज यायचा, “खिळ्यावर मारायचं असतं.” पण प्रत्येक पायरी सरळ, घट्ट. तो वर उभा राहून उड्या मारून बघायचा. हलायची नाही. रोज संध्याकाळी तो वर येऊन बायकोला म्हणायचा, “अजून एक उतरली.” ती म्हणायची, “दिसलं.” एकदा म्हणाली, “घेवडा लावायचे दिवस आले.” आणि टेपरावला त्या रात्री जेवण गेलं नाही.

मग एका दुपारी तो खाली पोचला आणि थांबला.

वाफ्याची कड समोर आली होती. आता एवढीशी एक पायरी हवी होती, बस. पण शेवटच्या फळीपासून खाली जमिनीपर्यंत बघितलं तर अंतर होतं सरळ गुडघ्याएवढं. आणि बाजूला दोन फळ्या शिल्लक. हिशोबाने एकही उरायला नको होती.

टेपरावने फळ्यांकडे बघितलं. मग वर बघितलं. मग गळ्यातली टेप काढून वरच्या एका पायरीची रुंदी मोजली. मापापेक्षा दोन बोटं जास्त. दुसरी मोजली. दोन बोटं जास्त. तिसरी, चौथी, सगळ्या. प्रत्येक पायरी दोन बोटं जास्त रुंद, अगदी चोख.

तो मटकन खाली बसला.

हाताने घात केला होता. डोक्याने माप बरोबर काढलं, दोरीवर भाग बरोबर पाडले, पण फावडं हातात आलं की हात टेलरचाच. आयुष्यभर कापताना रेघेच्या बाहेर दोन बोटं शिलाईचं मार्जिन सोडत आलेला हात. कुणी सांगायला लागत नाही, सोडतोच. इथे पण सोडलं, खडूच्या रेघेला न जुमानता, प्रत्येक पायरीला. पायऱ्या लांबत लांबत उताराच्या टोकाला येऊन पोचल्या, पण उंची उतरायची राहूनच गेली. खालून सुरू केलं असतं तर ती चूक वर, दाराशी, उरलेल्या दोन फळ्या लावून मिटली असती. आता ती मिटायची तर एक तर सगळं उसवायचं, नाही तर खाली आणखी दोन पायऱ्या घालायच्या. आणि तिथे नेमका गुलाब. बायकोचा, लग्नाच्या पहिल्या वर्षीचा गुलाब.

त्याने स्टूल ठेवून बघितलं. भुसभुशीत मातीत स्टुलाचा एक पाय आत गेला आणि ते बेकरीतल्या पावासारखं डाव्या खांद्याला उतरलं.

संध्याकाळी बायकोने विचारलं, “झालं?”

“जवळजवळ. खालची पट्टी दुमडायची राहिली आहे.”

“उद्या सकाळी काका आणि भावजी येणार आहेत म्हणे.”

“कोण म्हणालं?”

“भावजी कुंपणावरून पैजेचं सगळं सांगून गेले. कप घासून ठेवा म्हणाले.”

टेपरावने मनाशी ठरवलं, उद्या सकाळी त्यांच्यासमोर सरळ सांगायचं, हरलो. गाडीत बसवायचं त्या धोंड्याला, ढकलायची गल्लीभर. नाक जाईल, जाऊ दे. पण हिला त्या शेवटच्या पायरीवर उभं करायचं नाही. एकदा मोडलेला पाय. आणि त्यानंतर काय, तर कोंबड्या. तिच्या वाफ्यात बेकरीवाल्याच्या कोंबड्या उकरत फिरताहेत हे चित्र त्याच्या डोळ्यापुढून हलेना.

सकाळी सगळे मागच्या दाराशी जमले. सलूनवाले काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, पंच म्हणून. बेकरीवाल्याने किटली स्वतः हातात घेतली आणि कप असा भरला, असा भरला, की चहा कपाच्या वर फुगून उभा राहिला. कपही तिने निवडलेला, घरातला सगळ्यात मोठा.

“ऐका,” टेपराव म्हणाला. “मला एक सांगायचंय.”

“नंतर,” बायको म्हणाली आणि कप उचलला.

“अगं, ती शेवटची...”

“तोंड मिटा हो. माझं लक्ष कपाकडे आहे.”

आणि ती निघाली. टेपराव धावत बाजूच्या गवतातून घसरत खाली गेला आणि शेवटच्या पायरीपुढे, वाफ्याच्या कडेला, हात पसरून उभा राहिला. वरून काका ओरडले, “हात धरायचा नाही.”

“धरत नाहीये. हवेत ठेवलाय.”

काठी, पाय, दुसरा पाय. काठी, पाय, दुसरा पाय. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवर ती फार सावकाश उतरली. मग तिच्या लक्षात आलं, की पाय जिथे टेकायला जातो तिथे जमीन आधीच येऊन थांबलेली आहे. प्रत्येक वेळी. शोधावं लागत नाही. तिचे खांदे सैल पडले. अर्ध्यावर आल्यावर तिने कपाकडे बघणं सोडलं आणि बागेकडे बघायला लागली. चहा कपाच्या काठाला लागून हिंदकळत होता, पण कपातच होता. बेकरीवाला वरून मान लांब करून बघत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू शिळा होत चालला होता.

ती शेवटच्या पायरीवर आली आणि थांबली.

काठी खाली टेकवून बघितली. काठी टेकेना. तिने खाली बघितलं. मग समोर उभ्या नवऱ्याकडे.

“अहो, ही एवढी मोठी का?”

टेपराव गळ्यातल्या टेपेशी चाळा करत होता.

“सांगा ना.”

“मार्जिन,” तो पुटपुटला.

“काय?”

“प्रत्येक पायरीला दोन बोटं मार्जिन सोडलं गेलं. शिलाईचं. कळलंच नाही. ते सगळं इथे येऊन जमलं.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. ओठ घट्ट मिटलेले.

“मार्जिन कशाला? धुतल्यावर लाकूड आटेल म्हणून?”

“नाही गं. हाताची सवय. गिऱ्हाईक पुढेमागे सुटलं तर उसवून वाढवता यावं...”

बस, तेवढंच. आधी तिच्या नाकातून एक फुसकारा निघाला. मग खांदे हलले. मग ती हसली, आणि हसली म्हणजे अशी हसली की पलीकडच्या घरातली खिडकी उघडली आणि कुणीतरी विचारलं, काय झालं हो? कप हलला, चहा उसळला आणि बऱ्यापैकी मोठा घोट थेट टेपरावच्या टकलावर येऊन पडला. तिथून नाकावर, नाकावरून टेपेवर.

“सांडला,” बेकरीवाला वरून म्हणाला.

“सांडला,” काकांनी निकाल दिला. “टेपराव हरला.”

तिला काही ऐकू येत नव्हतं. हसून हसून पायात जोर राहिला नाही म्हणून ती होती तिथेच बसली, आणि बसल्यावर तिचे दोन्ही पाय अलगद जमिनीला टेकले. पायरी गुडघ्याएवढी होती, म्हणजे बरोबर खुर्चीएवढी. उरलेला चहा तिने तिथेच बसून पिऊन टाकला. रिकामा कप नवऱ्याच्या हातात दिला, काठीवर जोर देऊन उठली आणि चार पावलांत वाफ्यात पोचली. कुणी हात लावला नव्हता.

गुलाबाजवळ वाकून तिने आधी एक वाळकी फांदी मोडली. मग गवताचा एक झुपका मुळासकट उपटला, माती झटकली.

“काय हो हे जंगल करून ठेवलंय,” ती म्हणाली.

टेपराव चहा निथळत उभा होता. त्याने टेपेने तोंड पुसलं.

“ती खालची पायरी मी आठवड्यात नीट करतो,” तो म्हणाला. “सगळं उसवून परत...”

“हात लावलात तर बघा. गवत काढताना दमले तर बसायला नको का? आणि खाली बसलं की या गुडघ्याने उठता येत नाही, तिथून येतं. बाजूला एक खुंटी मोठी ठोका, धरून चढायला. बाकी आहे तसं राहू दे.”

वरून बेकरीवाल्याने घसा खाकरला. “वहिनी, मग कोंबड्यांचं...?”

“तुमच्या कोंबड्या तुमच्या गच्चीवर, भावजी.”

दुपारी, गल्ली जेवून आळसावलेली असताना, बेकरीसमोर हातगाडी आली. टेपरावने ती धुवून, आत जुनी गादी टाकून आणली होती. हरणाऱ्याने सुद्धा काम नीटनेटकं करावं असं त्याचं मत. काकांनी सलूनमधलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर सोडलं आणि घंटी घेऊन आले. ते गिऱ्हाईक पण गळ्यात टॉवेल, गालाला फेस, तसंच बाहेर.

“तो घंटी कशी वाजवणार? दोन्ही हात गुंतलेत,” बेकरीवाला म्हणाला.

“तू वाजव. ओरडेल तो.”

बेकरीवाला राजासारखा गाडीजवळ आला. एक पाय आत टाकला. दुसरा उचलला आणि बसला. टर्र. आवाज असा खणखणीत, की पार टोकाच्या घरापर्यंत गेला. त्याचे हात एकदम मागे गेले.

“तुझीच पँट आहे ही,” तो दातओठ खात टेपरावला म्हणाला. “तूच शिवलीस.”

“घाबरू नकोस,” टेपराव त्याच्या कानाशी वाकून म्हणाला. “मार्जिन सोडलंय. वाढवून देतो.”

आणि त्याने गाडी उचलली. उचलली म्हणजे, उचलायला घेतली. चाक जमिनीत रुतल्यासारखं झालं, टेपरावच्या मानेच्या शिरा टेपेएवढ्या जाड झाल्या, मग गाडी एकदाची हलली आणि झोकांड्या खात निघाली. पुढे काका, मधे एका हाताने घंटी वाजवणारा आणि दुसऱ्या हाताने पँट धरून बसलेला बेकरीवाला, मागे फेस लावलेलं गिऱ्हाईक. दारं उघडली, गॅलऱ्या भरल्या.

“मी हरलो,” टेपराव म्हणाला. “हा जिंकला.”

सलूनला वळसा घालताना त्याच्या घराचं फाटक आलं. फाटकाला टेकून बायको उभी होती. हाताला माती, काठी कोपराला अडकवलेली. खालून वर ती एकटीच चढून आली होती. शेवटची पायरी आधी बसून, मग पाय वर घेऊन. सांगून आली नव्हती, म्हणून टेपराव तिला बघून चालता चालता थबकला आणि गाडी कलंडता कलंडता वाचली.

“थांबलात का?” ती म्हणाली. “आणि जरा मोठ्याने ओरडा. मागच्या गॅलरीत ऐकू येत नाहीये.”

टेपरावने दम घेतला, गाडी पुन्हा उचलली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, “मी हरलो.”

“आणि?” गाडीतून आवाज आला.

“आणि हा जिंकला, पँट सोडून.”